भोवरा दीर्घिका (एम ५१)

श्यामशबल तारकासमूहातील, पृथ्वीवरून जवळजवळ समोरून दिसणारी सर्पिल दीर्घिका (⟶ दीर्घिका). एन.जी.सी. ५१९४ हा तिचा दुसरा क्रमांक.

शोध : फ्रेंच ज्योतिर्विद शार्ल मेस्ये यांनी १३ ऑक्टोबर १७७३ रोजी ती प्रथम नोंदली. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांना आयर्लंडमधील बर येथील सु. १.८ मी. व्यासाच्या परावर्ती दूरदर्शकातून तिची सर्पिल रचना दिसली. अशी रचना ओळखली गेलेली ही पहिली दीर्घिका होय.

वैशिष्ट्ये : सप्तर्षींतील मरीची ताऱ्याच्या नैर्ऋत्येस सु. ३.५ अंशांवर ती आढळते. दृश्य प्रत सु. ८.४ असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. अंतर सु. २.८ कोटी प्रकाशवर्षे (⟶ प्रकाशवर्ष). दोन ठळक भुजांच्या आतील कडांना धुळीचे काळे पट्टे असून त्यांलगत आयनीभूत हायड्रोजनाचे तांबूस मेघ व तरुण निळ्या ताऱ्यांचे गुच्छ आहेत. एका भुजेच्या टोकापाशी एन.जी.सी. ५१९५ ही लहान सहचर दीर्घिका दिसते. तिच्या गुरुत्वीय प्रभावाने भुजा ठळक झाल्या असून ताऱ्यांच्या निर्मितीस चालना मिळाली आहे, असे मानतात.

महत्त्व : दीर्घिकांमधील आंतरक्रिया व सर्पिल भुजांची घडण यांच्या अभ्यासासाठी ती आदर्श मानली जाते. तिच्यात १९९४, २००५ व २०११ मध्ये अतिदीप्त नवतारे आढळले (⟶ अतिदीप्त नवतारा).