वणवा विझवणाऱ्याचा हिशेब

पोस्ट जरा लांब आहे. पण जंगलाला लागून ज्यांचं गाव आहे, त्यांनी वेळ काढून वाचावी.

दोन-तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. घाटंजीकडच्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. आदल्या रात्री गावामागचं सागाचं जंगल पेटलं होतं. पंधरा-वीस पोरं आणि काही जाणती माणसं हिरव्या फांद्या घेऊन वर गेली, पहाटेपर्यंत आग झोडपत बसली. कोणाच्या चपलेचा तळ वितळला होता, कोणाचे हात भाजले होते. मी पारावर बसून नावं लिहून घेत होतो. एक म्हातारे बाबा म्हणाले, "नावं लिहू नका भाऊ. मांगच्या साली बी लिहून नेले होते. मानधन देतो म्हन्ले, देल्लेच नाही."

मी विचारलं, "मग यंदा का गेले?"

"आमचं जंगल हाय म्हनून गेलो. पैशाचं सोडा. पन देतो म्हनून देत नाही ना, तवा वाईट वाटते. आता पोरं म्हन्ते, काहाले जा लागते?"

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. स्वखुशीनं आग विझवणाऱ्याला पैसे द्यावे का, द्यायचे तर किती आणि कशाचे, याचा इतिहास मग मी जमेल तसा शोधत गेलो. प्रश्न आपल्या जिल्ह्याचा आहे, पण आजचा नाही. दोन हजार वर्षं जुना आहे.

रोम शहरात सम्राट ऑगस्टसनं इ.स. ६ मध्ये आग विझवणारं आणि रात्री गस्त घालणारं दल उभं केलं. त्यात भरती कोणाची? मुख्यतः गुलामीतून सुटलेल्यांची. काम जिवावरचं, मान कमी. माणसं टिकेनात म्हणून इ.स. २४ मध्ये कायदा झाला : या दलात सहा वर्षं सेवा केलेल्याला रोमचं पूर्ण नागरिकत्व मिळेल. पुढे ही मुदत तीन वर्षांवर आली. म्हणजे बक्षीस पैशात नव्हतं, समाजात बरोबरीनं बसण्याच्या हक्कात होतं. आणि ते कायद्यात लिहिलेलं होतं, कोणाच्या तोंडी आश्वासनात नाही.

आता आपल्याकडे या. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. आपला जिल्हा तेव्हा 'वणी' जिल्हा होता, १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. इंग्रजांना साग पाहिजे होता, आणि सागाला आगीपासून राखणं हे त्यांच्या वनखात्याचं पहिलं काम झालं. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं १८६० च्या दशकात आग रोखण्याचा पद्धतशीर प्रयोग केला. जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा हंगामाआधीच साफ करून जाळून ठेवायचा, म्हणजे आग तिथं येऊन थांबते. तीच आपली जाळरेषा. आजही पद्धत हीच आहे.

पण पट्टा ओलांडून आग आलीच तर विझवायची कोणी? साहेबाकडे माणसं मोजकी. म्हणून काम गावावर टाकलं, तेही कायद्यानं. आज लागू असलेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ७९ काढून वाचा. ज्याला जंगलात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क अथवा परवानगी आहे, त्याचा नोकर, आणि लगतच्या गावात सरकारकडून गावकामाचा मोबदला घेणारा, या सगळ्यांनी जंगलातली आग कळताच विझवायला लागायचं. अधिकाऱ्यानं सांगो की न सांगो. नाही गेला तर एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबदल्याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही. उलट कलम २६ सांगतं, की मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं राखीव जंगलाला आग लागली तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकतं. एकानं धुरा पेटवला, आग जंगलात गेली, तर सगळ्या गावाची गुरं दावणीला.

याच जंगलात गवताची काडी कापायला मात्र बंदी. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे, आपल्या वणीचे, पुसदला राखीव जंगलात गवत कापून तुरुंगात गेले. जंगल सत्याग्रह आपण शाळेत शिकलो, पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. गवत कापलं तर गुन्हा, आणि तेच गवत पेटल्यावर विझवायला गेलं नाही तरी गुन्हा. असा व्यवहार लोकांना किती दिवस पटणार?

स्वातंत्र्यानंतर कायदा तोच राहिला, वागणं हळूहळू बदललं. उन्हाळ्यापुरते रोजंदारीवर अग्निरक्षक मजूर ठेवण्याची पद्धत रुळली. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंतचे चार महिने. ही मजुरी आहे, ती मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण एका बीटावर असे माणसं किती? दोन, चार. आग डोंगराच्या तीन बाजूंनी चढली की गावच लागतं.

१९९२ मध्ये महाराष्ट्रानं संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारलं. गावाची समिती जंगल राखेल आणि उत्पन्नात वाटा घेईल, हा विचार. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगलं जंगल राखणाऱ्या समित्यांना बक्षीस देणं सुरू झालं. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक जंगलावर हक्कच दिला. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आज आपला तेंदूपत्ता स्वतः विकतात. तिथं जंगल जळलं तर नुकसान थेट गावाच्या खात्यात दिसतं.

शंभर-सव्वाशे वर्षांत सरकारची भाषा अशी बदलत गेली : आधी शिक्षेचा धाक, मग रोज, मग वाटा. आणि या तिन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळत राहिलेला चौथा शब्द म्हणजे 'मानधन'.

मानधन या शब्दाचं पुढे काय होतं, हे बघायला होमगार्डकडे बघा. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, हे स्वयंसेवकांचं दल सुरू झालं. ब्रीद 'निष्काम सेवा'. नोकरदार, दुकानदार फावल्या वेळात वर्दी घालून उभे राहतील, खर्चापुरता भत्ता घेतील, अशी कल्पना. पण गणपती आला, निवडणूक आली, दंगल झाली, की हाक त्यांनाच. काम पोलिसाचं आणि पैसे स्वयंसेवकाचे. शेवटी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्यांना नोकरीत कायम करता येणार नाही, पण महिनाभराच्या ड्युटीचा भत्ता पोलिसाच्या किमान पगाराएवढा तरी झाला पाहिजे. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवसाचा भत्ता ५७० वरून १०८३ रुपये झाला. मला यातून एकच दिसतं. सेवेचं नाव घेऊन रोजचं काम करून घेतलं, की मानधन ही कमी मजुरीच होऊन बसते.

मग वणव्याला पैसे द्यायचे का? मी म्हणतो द्यावे. पण कशाचे, ते आधी ठरवावं.

विझवलेल्या प्रत्येक आगीमागे इतके रुपये, हा हिशेब सगळ्यात सोपा वाटतो, पण सगळ्यात घातक तोच आहे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपं पेटवतात. कोणी पऱ्हाटी जाळतो, कोणी विडी टाकतो. अशा ठिकाणी आग मोजून पैसे वाटले, तर आगी कमी होतील की वाढतील? गावकरी वाईट आहेत असं नाही म्हणत मी. पण हिशेबच असा ठेवू नये, की जंगल जळाल्यावर कोणाच्या तरी हातात चार पैसे पडतील.

न जळालेल्या जंगलाचे पैसे द्या. मे-जून संपताना, आपल्या हद्दीत आग लागली नाही किंवा लवकर आटोक्यात आली, त्या गावाच्या समितीला ठरलेली रक्कम. आग कुठे लागली हे आता उपग्रहावरून कळतं, भारतीय वन सर्वेक्षणाचे संदेश वनखात्याच्या मोबाइलवर येतात. मोजायचं म्हटलं तर मोजता येतं. नाहीतर जळण कमी करण्याचे पैसे द्या. उत्तराखंडनं २०२४ मध्ये चीड झाडाचा वाळलेला पाला गोळा करणाऱ्याला किलोमागे ५० रुपये जाहीर केले. आपल्याकडे चीड नाही. पण मोहाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून घेणाऱ्या बाईला, झाडाखाली जाळी बांधणाऱ्या घराला काही देता येईल की नाही?

आणि एक गोष्ट पैशाच्या आधीची. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर जळून गेले. दोघं गंभीर जखमी झाले. ते तर खात्यानं कामावर घेतलेले होते. हाक ऐकून धावत गेलेला गावातला पोरगा कोणत्या हजेरीपटावर असतो? त्याला काही झालं तर त्याच्या घरानं कोणाचं दार वाजवायचं? म्हणून माझ्या मते पहिला मोबदला विमा आहे. हंगामाच्या आधी प्रत्येक गावात इच्छुकांची यादी करा, एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, जाड बूट द्या, विम्याचा कागद हातात द्या. मग रकमेचं बोलू.

रक्कम लहान असली तरी चालेल. लोक तिच्यासाठी जात नाहीतच, ते बाबांनी मला पारावरच सांगितलं होतं. पण जी कबूल केली ती त्याच हंगामात, सगळ्यांसमोर ग्रामसभेत द्यावी. देता येत नसेल तर कबूलच करू नये. पाचशे रुपये न मिळाल्यानं कोणाचं घर बुडत नाही, पण पुढच्या वेळी धूर दिसल्यावर माणूस उठायचा तो उठत नाही.

या उन्हाळ्यात परत त्या गावाकडून गेलो. डोंगराच्या कडेनं काळा पट्टा दिसला. जाळरेषा असेल म्हणून थांबलो, तर नाही, जळालेलं जंगलच होतं. पारावर बाबा होते. "कोण कोण गेलं होतं विझवाले?" मी विचारलं.

"आमी चार म्हातारे," ते म्हणाले. "पोरं नाही आले."

मी नावं लिहिली नाहीत. पोस्ट लिहिली. तुमच्या गावात आग लागली तर कोण जातं, आणि गेलेल्याला काय मिळतं, ते खाली लिहा. आणि धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर सध्या तरी फुकट आहे, तेवढा लक्षात ठेवा.