हृदयातील ऊर्जाव्यय : मोजलेला की काढलेला?

आजच्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयक दोन आयोग नेमले गेले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वादाचा प्रश्न होता. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा पक्ष श्वासाचा. दुसऱ्या आयोगासाठी निजाम सरकारने द्रव्यसाहाय्य केले व इंग्लंडहून लॉडर ब्रंटन आले. प्राण्यांच्या रक्तदाबाची रेषा फिरत्या कागदावर उमटवून आयोगाने लॉरी यांचा पक्ष ग्राह्य धरला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, हलक्या गुंगीतही हृदय विस्कळीतपणे थरथरू लागून थेट मृत्यू ओढवतो. आयोगाच्या रेषा खोट्या नव्हत्या. निष्कर्ष मात्र त्या रेषांना पेलणारा नव्हता.

हृदयातील ऊर्जाव्ययाच्या आजच्या मापनासही हाच भेद लावून पाहावयास हवा. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून चालत्या हृदयाची हालचाल टिपली. त्याच दशकात ओसाका येथे सातोमुरा यांनी डॉप्लरचे १८४२ मधील तत्त्व हृदयास लावले. १९७० नंतरच्या दशकात नॉर्वेमध्ये होलेन व हाटले यांच्या कार्यातून एक सुटसुटीत सूत्र रूढ झाले: वेगाचा वर्ग करून त्याची चौपट केली की दाबातील घट मिळते. अरुंद झडपेतून रक्त सेकंदास ४ मीटर वेगाने जात असेल, तर घट ६४ मिलिमीटर पारा एवढी.

परंतु ही सगळी घट म्हणजे व्यय नव्हे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील आदिलशाही बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी ज्याने पाहिले आहे, त्यास हे चटकन उमजेल. पाणी पडताना उंचीचा वेग होतो. तो वेग जिरतो खालच्या डोहातील भोवऱ्यांत. झडपेत दाबाचा वेग होतो; त्यातील काही पुढे पुन्हा दाबात परततो आणि उरलेला भोवऱ्यांत, रक्ताच्या श्यानतेमुळे, उष्णता होऊन जातो. हा खरा व्यय. तो निरोगी हृदयातही थोडा होतच असतो. म्हणून ‘हानी’ हा शब्द मला अप्रशस्त वाटतो. रुग्णाच्या कानी पडताच ‘ताकद गेली’ असाच त्याचा अर्थ होणार.

‘मोजणे’ हे क्रियापदही येथे जपून वापरावयास हवे. डॉप्लर केवळ ध्वनिशलाकेच्या दिशेतील वेग सांगतो. आडवा वेग प्रवाहाच्या अखंडतेचा नियम व हृदयभिंतीची हालचाल यांवरून गणिताने काढला जातो. मग लगतच्या बिंदूंमधील वेगाच्या फरकांचे वर्ग करून त्यांस श्यानतेने गुणतात. साहजिकच वेगातील लहानशी चूक वर्गात फुगते. शिवाय प्रतिमा बहुधा एका पातळीची, आणि प्रवाह मात्र तीन मितींतला. यास्तव अहवालात ‘ऊर्जाव्यय काढला’ असे लिहावे आणि तो कोणत्या रीतीने काढला हेही नमूद करावे. निरनिराळ्या रीतींनी काढलेले दोन आकडे शेजारी ठेवून रुग्ण सुधारला की खालावला, हे ठरविता येणार नाही.