दुनळीवरचे जौहर

वऱ्हाडात जुन्या दुनळी बंदुकीची गोष्ट निघाली की शिकाऱ्याचे नाव निघते. फार तर विलायती दुकानदाराचे. नळी घडविणाऱ्याची आठवण कोणी काढीत नाही. ती काढावी, एवढ्यासाठीच आमचा हा प्रपंच.

15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. पुढे अचलपूरजवळ परतवाड्यास हैदराबाद कंटिन्जंटची छावणी पडली. छावणीशेजारी मेळघाटचे रान. तेव्हा साहेबाच्या खांद्यावर दुनळी आली यात नवल नाही. त्या काळच्या चांगल्या दुनळीची नळी उजेडात धरली तर तिच्यावर पाण्याच्या लहरींसारख्या रेघा दिसतात. यांनाच जौहर म्हणतात आणि अशा नळीस दमास्कस नळी.

परंतु या नळ्या दमास्कस शहरी होत नव्हत्या. बेल्जममधील लीएज व इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे होत. नाव आले ते तलवारींवरून. त्या तलवारींचे पोलादही पुष्कळसे आपल्याच देशातले. निजामी मुलखातील कोनासमुद्रम् येथे ते मुशीत शिजे आणि इराणी व्यापारी घेऊन जात. घाम लोहाराचा, नाव बाजारपेठेचे! मात्र तलवारीचे जौहर पोलादाच्या अंगचे असे, नळीचे जौहर घणाचे.

ते कसे, पाहा. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून, तापवून, ठोकून एकजीव करीत. त्यांचा गज ओढून तो लाल असतानाच दोरासारखा पिळीत. असे दोनतीन पिळलेले गज जोडून पट्टी करीत. ती सळईभोवती गुंडाळून कडेला कड ठोकून नळी साधीत. मग आतून पोखरणे, बाहेरून घासणे आणि शेवटी तेजाबाने रेघा उठविणे. लीएजजवळच्या व्हेद्र नदीच्या खोऱ्यात हे काम चाले, पुष्कळदा घरच्याच भट्टीवर, नगामागे मजुरी घेऊन. तयार बंदुकीवर नाव कोरले जाई ते विकणाऱ्याचे.

पुढे सबंध पोलादाची नळी यंत्रावर स्वस्त होऊ लागली, बिनधुराची दारू आली. 1914 साली जर्मन फौजा लीएजमध्ये शिरल्या. त्यानंतर हा धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

आज इंग्लंड-अमेरिकेतील हौशी मंडळी या बंदुका जमवितात आणि तपासून घेऊन काळ्या दारूचे हलके बार काढतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्रकायद्याने परवाना लागतो आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचे दिवस सरले. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित दुनळी परवान्यासह आहे, त्यांना आमचे एकच सांगणे: तिच्यात आजचे काडतूस घालू नका. सांध्यांत शिरलेला गंज डोळ्यांना दिसत नाही, आणि नळी फुटली तर हात जातो. त्यापेक्षा पाहुण्यांना ती दाखविताना दुकानदाराच्या नावाबरोबर त्या रेघाही दाखवा. घडविणाऱ्याने मागे ठेवलेली सही तेवढीच आहे.