उंदरांचा बंदोबस्त, परसातील खुराड्याभोवतीचा (बनशंकरी, बंगळूर)

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी वसाहतीत घराच्या परसात अथवा गच्चीवर पाळलेल्या कोंबड्यांपासून उंदीर-घुशींना दूर ठेवण्याची व्यवस्था. वसाहतीचे नाव कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी अम्मा मंदिरावरून पडले. महाराष्ट्रातील ज्या घराण्यांची ही देवी कुलस्वामिनी आहे, त्यांना परिचित असलेले मूळ स्थान मात्र बदामीजवळचे. वसाहतीत ३०×४० व ४०×६० फुटांचे भूखंड रूढ असून, घर बांधून उरलेल्या अरुंद पट्टीतच नारळ, पाण्याची टाकी आणि खुराडे यांची सोय लावावी लागत असल्यामुळे कोंबडीचे दाणे, शेजाऱ्याची भिंत आणि रस्त्याचे गटार ही तिन्ही एकमेकांपासून चार पावलांवर येतात. पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांत गावठी कोंबड्यांखेरीज बंगळुरातच हेब्बाळ येथे विकसित झालेला व महाराष्ट्रातही सुपरिचित असलेला ‘गिरिराज’ हा वाण आढळतो.

प्राणी व उपद्रव : काळा घरउंदीर (रॅटस रॅटस) चढण्यात निष्णात असून नारळाच्या शेंड्यात घरटे करतो आणि तारेवरून वा झावळीवरून खुराड्यात वरच्या बाजूने उतरतो. लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) जमिनीतून येते. बिळाच्या तोंडाशी ती भुसभुशीत मातीचा ढीग टाकते व पळवलेले धान्य आत साठवते. मोठी घूस (बँडिकोटा इंडिका) अर्ध्या किलोहूनही जड भरते. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नसल्याने हानी रात्रीच होते : पिले नाहीशी होतात, खुडूक बसलेल्या कोंबडीचे पाय कुरतडले जातात आणि ती अंडी टाकून उठते. अंडे पोटाशी धरून उताणा पडलेल्या उंदराला दुसरा शेपटीने ओढत नेतो, ही सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत चित्रासारखी असली तरी विश्वसनीय निरीक्षणाचा आधार तिला नाही. चिचुंद्री ही उंदीर नव्हे, मुख्यतः कीटकभक्षक होय. ती पिलांना अपाय करते की नाही याविषयी मतभेद आहेत.

प्लेगची पार्श्वभूमी : १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात प्लेग शिरला, तो रेल्वेमार्गाने आल्याचे मानले जाते, दाट वस्तीच्या पेठा उठवणे, विलग छावण्या उभारणे व घरे निर्जंतुक करणे हे उपाय सरकारने योजले, आणि बनशंकरीच्या उत्तरेस असलेली बसवनगुडी व शहराच्या वायव्येकडील मल्लेश्वरम् या मोकळ्या हवेच्या वसाहतींच्या आखणीस याच संकटाने गती दिली. प्लेगम्मा या देवतेची ठाणी शहरात अजून पुजली जातात. रोगाच्या प्रसाराचे कोडे मात्र मुंबईत उलगडले. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत, प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हा सिद्धान्त मांडल्यावर कित्येक वर्षे त्याची उपेक्षा झाली. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत प्रयोगासाठी सहा लहान कोठ्या एकाच धर्तीवर बांधून त्यांची छपरे तेवढी निरनिराळी ठेवली : काहींवर देशी कौले, काहींवर मंगलोरी, काहींवर नालीदार पत्रा. देशी कौलांच्या पोकळ्यांत उंदरांनी मुक्काम केला, घट्ट बसणाऱ्या मंगलोरी कौलांत त्यांना तितका आसरा मिळाला नाही, पत्र्याखाली तर तो मिळालाच नाही. आणि कौलांखाली ताणलेल्या जाळीमुळे उंदीर वरच अडले, तरी त्यांच्या अंगावरील पिसवा जाळीतून खाली पडून तेथे ठेवलेल्या गिनीपिगांना प्लेग झाला. खुराडे बांधणाऱ्याने यावरून दोन गोष्टी घ्याव्यात : छपराची निवड ही केवळ पावसापुरती बाब नव्हे, आणि उंदीर खुराड्याच्या आत आला नाही म्हणजे त्याचा संसर्गही आला नाही असे समजू नये, त्याने माथ्यावरही बिऱ्हाड करता कामा नये.

बांधणी : बाजारात ‘कोंबडीजाळी’ म्हणून मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवण्यास पुरते, उंदराला बाहेर ठेवण्यास पुरत नाही. तरुण उंदीर सुमारे १२ मिलिमीटरच्या फटीतून निघतो, लहान घरगुती उंदीर तर ६ मिलिमीटरच्या. म्हणून वेल्ड केलेली बारीक जाळीच वापरावी आणि ती भिंतीच्या तळाशी बाहेरच्या अंगाला फूटभर आडवी वळवून मातीत दडपावी, म्हणजे कडेला उकरणारी घूस थेट जाळीवर येते. खुराडे दीड-दोन फूट उंच पायांवर असावे, नारळाच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा ठोकावा व खुराड्याला टेकणाऱ्या झावळ्या छाटाव्यात. बंगळूरकडे घराच्या पायात व कुंपणात वापरला जाणारा ग्रॅनाइटचा ‘साइज-दगड’ ओबडधोबड असल्याने सांध्यातील सिमेंट झडताच आत पोकळ्या उघड्या पडतात. गटारांवरील दगडी फरश्यांखालीही हीच स्थिती. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जोरदार सरींत गटारे व राजकालुवे (पावसाचे मोठे नाले) तुंबली की त्यांतील रहिवासी परसात स्थलांतर करतात, तेव्हा सांध्यांची डागडुजी त्यापूर्वी उरकावी. कोणते बीळ चालू आहे हे ताडण्यासाठी संध्याकाळी सर्व तोंडे मातीने बुजवून सकाळी कोणती पुन्हा उकरली गेली ते पाहण्याची रीत शेतीखात्यात रूढ असून ती परसातही तितकीच उपयोगी पडते.

खाद्य : सर्व उपायांचा कणा हाच. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाते, उंदीर १५ ते २५ ग्रॅम. म्हणजे पाच-सहा उंदीर एका जादा कोंबडीचा शिधा फस्त करतात, आणि लेंड्या-मूत्राने नासवतात ते वेगळेच. भरडा झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवावा, प्लॅस्टिकच्या नव्हे; सांडलेली कणी सूर्यास्तापूर्वी झाडून घ्यावी, दाणी (खाद्याचे भांडे) रात्री उचलून ठेवावी किंवा कोंबडीने फळीवर पाय दिला असताच उघडणारी वापरावी. दाणी रात्रभर भरलेली ठेवून पिंजरे मांडणाऱ्याच्या पिंजऱ्यात उंदीर का येत नाही, याचे उत्तर दाणीतच असते.

पिंजरे व विषे : उंदीर नव्या वस्तूला बिचकत असल्यामुळे पिंजरा अथवा चाप काही रात्री केवळ आमिषासह, न लावता, भिंतीच्या कडेने ठेवावा. अखिल भारतीय स्तरावर मूषकनियंत्रणाच्या संशोधनाचे समन्वयन जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेकडे असून बंगळूरच्या कृषी विद्यापीठातही या विषयावर काम झाले आहे. शेतात झिंक फॉस्फाइड व ब्रोमॅडिओलोन यांची शिफारस होते. पहिल्यातून जठरातील आम्लामुळे विषारी वायू सुटतो, दुसऱ्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडून काही दिवसांनी मृत्यू येतो. परसात मात्र ही शिफारस जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे, कारण कोंबडी विखुरलेले आमिष टिपते, मेलेला लहान उंदीरही गिळते, आणि गव्हाणी घुबड व मांजर दुय्यम विषबाधेस बळी पडतात. विष वापरणे अटळच झाले तर ते कुलूपबंद पेटीत, खुराड्याबाहेर ठेवावे आणि मेलेले उंदीर हातमोजे घालून रोज उचलून खोल पुरावेत.

नैसर्गिक शत्रू : गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस व मांजर, पैकी शेवटच्या तिघांपासून पिलांना जपावे लागते.

रोग : उंदरांपासून पसरणारे साल्मोनेला व लेप्टोस्पायरोसिस. दुसऱ्याचे जंतू उंदरांच्या मूत्रातून ओल्या मातीत उतरतात, म्हणून पावसाळ्यात खुराड्याभोवतीच्या चिखलात अनवाणी उतरू नये.

उग्र वासाच्या वनस्पती : उंदीर पळवण्यासाठी लावल्या तरी परिणाम अल्पकालीन.