खासबाग मैदान

कोल्हापूर येथील कुस्तीचे प्रसिद्ध मैदान. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले असता छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहिले. त्या धर्तीवर बांधविलेले हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा आखाडा व सभोवार चढती बैठक असल्याने मागील प्रेक्षकासही डाव स्पष्ट दिसतो. मैदान उभे राहिले ते राजाश्रयावर. खाशाबा जाधव यांच्या १९४८ च्या लंडन ऑलिंपिकवारीचा खर्चही कोल्हापूरच्या महाराजांनीच केला. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी, जेथे त्यांनी कांस्यपदक मिळविले, जाधवांना लोकांकडून पैसे जमवावे लागले. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होत असली, तरी खासबागेतील आखाडा मातीचाच राहिला.