कारवान की मुधोळ?

आमच्या जालन्याकडे उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा दिसला की लोक म्हणतात, "कारवान आहे." तोच फोटो पुण्यात ऑफिसमधल्या मित्राला दाखवा, तो म्हणेल, "अरे, हा तर मुधोळ हाऊंड!" मंडळी, दोघंही बरोबर आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान म्हणतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ. एक कुत्रा, दोन नावं!

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला. मध्य आणि पश्चिम आशियातून दख्खनमध्ये आलेल्या काफिल्यांबरोबर सलुकीसारखे कुत्रे आले आणि त्यांचा वंश इथे रुजला, असं मानतात. कान-शेपटीवर रेशमी केस असतील तर तो 'पश्मी'. खोल छाती, आत गेलेलं पोट, लवचिक कणा. हा वास घेत फिरणारा कुत्रा नव्हे, नजरेने शिकार हेरणारा. भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा चारही पाय हवेत असतात! आपल्या मोकळ्या माळरानावर सशामागे पळायला याहून चांगलं काय हवं? स्वभाव मात्र मानी. परक्याने अंगाला हात लावलेला चालत नाही.

मग मुधोळ कुठून आलं? आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची नीट पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून हे नाव चिकटलं. २००५ साली टपाल तिकिटावर 'मुधोळ'च आला. २०१६ मध्ये लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी नेले तेही 'मुधोळ'च.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. फ्रान्समध्ये 'बिली' नावाचा एक दुर्मिळ शिकारी कुत्रा आहे, वासावर माग काढणारा. एकोणिसाव्या शतकात गास्तों उब्लो द्यु रिव्हो नावाच्या जमीनदाराने तो तयार केला. नाव मिळालं त्याच्या वाड्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जेमतेम काही कुत्रे उरले होते, त्यांच्यावरून त्याच्या मुलाने वंश पुन्हा उभा केला.

फरक इतकाच, की बिली एका घराण्याने घडवला. कारवान मात्र राजवाड्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावच्या लोकांनी सांभाळला. लातूर जिल्ह्यातलं जानवळ आजही त्यासाठी ओळखलं जातं. आमच्या धंद्यातही असंच... कोड लिहितो एक आणि रिलीजवर नाव दुसऱ्याचं :-)

राजेसाहेबांचं श्रेय कमी होत नाही. त्यांच्यामुळे जग या कुत्र्याला ओळखू लागलं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीवर बंधनं आली आणि आता ससा मारणंही गुन्हा आहे. ते योग्यच. पण कुत्र्याचं मूळ काम गेलं. आता उरली राखण, शर्यती, डॉग शो आणि पिल्लांची विक्री. कुणाची आई कोण, बाप कोण, हे गावात अजून बरंचसं तोंडीच चालतं. ते लिहून ठेवलं नाही तर नावं दोन्ही राहतील, कुत्रा मात्र नुसता दिसायला कारवान उरेल.

असो. पिल्लू घ्यायचा विचार असेल तर आधी त्याचे आईबाप बघा. आणि हो, वन बीएचकेत कोंडून ठेवू नका, त्याला पळायला माळ लागतो.