छर्रा आणि बैलाची मान

इतिहास म्हटला की आपण राजे आणि लढाया शोधतो. आज जरा चाकाच्या आत डोकावू.

आपल्या बीडकडच्या जुन्या लाकडी बैलगाडीत आख आणि चाक थेट एकमेकांवर घासायचे. म्हणून वंगण लागायचं. चाक उतरवायचं, आख पुसायचा, मग वंगण द्यायचं. 1794 साली वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी घोडागाडीच्या आसासाठी छर्र्यांच्या बेरिंगचं पेटंट घेतलं. घासणं गेलं, घरंगळणं आलं. तोच छर्रा पुढे ऊस वाहणाऱ्या टायरगाडीत येऊन बसला.

पाटोदा, धारूर, वडवणीकडची जोडपी ऊसतोडीला निघतात, ती ह्या गाडीच्या भरवशावर. बेरिंग आधी डिझेलमध्ये धुवायचं, वाळवायचं, हाताने फिरवून बघायचं, खरखर नसेल तरच नवं ग्रीस भरायचं. घाणीवरच ग्रीस थापलं तर धूळ त्यात मिसळते आणि छर्रे खाते. ठासून भरलं तर बेरिंग तापतं.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आम्हाला ह्यात एक प्रश्न दिसतो. घर्षणाचा भार शेवटी कोण सोसतो? बेरिंग खराब झालं की आधी बैलाची मान सोसते. गाडी वाटेत बसली की खेप बुडते. मजुरी टनावर, त्यामुळे मुकादमाची उचल फिटायची राहते.

छर्र्याचं पेटंट कुणाचं, हे नोंदलेलं आहे. तो धुणाऱ्या हातांची नोंद मात्र आपणच करायची आहे.